खाडाखोड

रकाना अकरा: मृत्यूचे कारण.
डॉक्टरांनी लिहिलंय, हृदयक्रिया बंद पडून.
दिवा का विझला विचारावं
आणि कुणी सांगावं, अंधार झाला म्हणून,
तसं हे. पण मी कारकून.
येतं तसं उतरवतो, निळ्या शाईत,
बावीस वर्षं, पंचवटी, खिडकी तीन.

मंगळवारी आली ती. लाइट गेलेली.
नाव लंका लहानू गवारे.
पंचवटीत लंका! आमचा शिपाई हसला.
तीही हसली थोडं, सवयीनं.
ओझरकडे द्राक्षांच्या पॅकहाऊसला जाते,
अंगठ्याला कात्रीचा घट्टा.
बरोबर सात-आठ वर्षांची पोरगी,
पदराआड अर्धी.

"वय चुकलंय, साहेब. सोळा लिवलंय.
तेरा होतं. पोळ्याला चौदावं लागलं असतं."

पाहिलं. सोळाच होतं.
पंचनाम्यात कुणीतरी अंदाजानं टाकलेलं.
उंच होता म्हणे.

वैजनाथ. वैजू.
रामकुंडात दोरीला चुंबक बांधून
लोकांनी सोडलेलं पुण्य
रुपया-रुपयानं वर ओढायचा.
महापालिकेच्या शाळेत शंभर मीटरला पहिला.
ती सांगत राहिली,
जणू माझ्या फॉर्मवर याला जागा आहे.

"शर्टाला वास यायचा त्याच्या.
नव्या बुटाचा असतो ना, तसा.
सिडकोत रंगाच्या कामाला जातो म्हणायचा.
मला बरं वाटायचं त्या वासानं.
घरात काहीतरी नवं आल्यावाणी."

गाडगे महाराज पुलाखाली चौघं बसलेली.
वरून कुणीतरी ओरडलं. एवढंच.
चौघं उठून पळाली.
तिघं अजून पळतायत.
वैजू, शंभर मीटरचा वैजू,
अकराव्या पावलाला.

प्रतिज्ञापत्र लागेल, मी म्हणालो,
शाळेचा दाखला, दोन झेरॉक्स.
"तुमच्याकडं ते पांढरं असतं ना साहेब,
साळंत लावतात ते. सोळावर लावा
अन् वर तेरा करा."

चालत नाही, मी म्हणालो. नियम आहे.
या वहीत चूक झाकायची नाही.
एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे,
वर बरोबर ते लिहायचं, बाजूला सही.
आणि का कोण जाणे, दाखवायला म्हणून
खण उघडला.
जुनी बाटली, गळ्याला खपल्या धरलेली, झाकण सैल.
हे. हेच चालत नाही.

ती गजाशी वाकली.
नाकपुड्यांना आधी कळलं, चेहऱ्याला मागाहून.
"ह्योच," म्हणाली. "वैजूचा."

मग अगदी हळू:
"द्या ना मला.
रिकामी असली तरी चालंल."

पोरगीनंही पदरातून तोंड बाहेर काढलं होतं,
नाक वर करून,
भाऊ कुठून आला ते शोधत.

कार्यालयाची वस्तू आहे, मी म्हणालो,
स्टॉकला नोंद आहे.
खरं बोलताना इतकं खोटं
कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात दाखला घेऊन गेली. तेरा.
रेघेखालचं सोळा अजून वाचता येतं,
त्याला कधी लागलंच नाही ते वय.

बाटली त्याच संध्याकाळी पिशवीत घालून निघालो होतो.
दिंडोरी नाक्याच्या कुंडीत दोन पोरं उतरलेली, कागद वेचत.
मालेगाव स्टँडला गोणीवाली पोरगी.
गोदावरीत सोडावी म्हटलं,
तर घाटावर दोऱ्या घेऊन ओळीनं उभी होती,
आणि पाण्यात गेलेलं इथं
कुणीतरी वर काढतंच.

एवढ्या नाशकात
ती टाकायला जागा सापडली नाही.

परत आणली. खणात आहे.
उन्हाळ्यात दुपारी येतो वास, नव्या बुटाचा.
किल्ली मी घरी नेत नाही.
घरी एक आहे, नववीतला.
उंच.